राजवाड्यातला मुक्काम

निपाणी-बेळगावकडचा माणूस कोल्हापूरला जाई तो अंबाबाईच्या दर्शनाला, दवाखान्याला किंवा सोयरिकीच्या कामाला. मुक्काम पाहुण्यांकडे, नाहीतर धर्मशाळेत. संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाताना पलीकडच्या काठावरचा शालिनी पॅलेस दिसे. काळ्या दगडाचा, झाडीत बसलेला हा वाडा छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ ते १९३४ या काळात उभा राहिला. नाव मिळाले राजकन्या शालिनीराजे यांचे. तिथे आपल्याला रात्र काढता येईल, हा विचारही कुणाच्या मनाला शिवत नसे. १९८७ साली त्याचे हॉटेल झाले आणि पैसे मोजील त्याला ते दार उघडले.

राजवाड्यांवर ही वेळ का आली, हे उघड आहे. १९४८-४९ मध्ये आपल्याकडची संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखेही बंद झाले. उत्पन्न गेले, कौले, तुळया आणि नोकरमाणसे मात्र राहिली. राजस्थानातल्या राजांनी ही पावले आधीच ओळखली होती. जयपूरच्या रामबागेचे हॉटेल १९५७ साली झाले, उदयपूरच्या तलावातल्या महालाचे १९६३ साली. इंग्लंडातही पहिल्या महायुद्धानंतर वारसाकराच्या ओझ्याखाली खेड्यापाड्यांतले मोठमोठे सरदारी वाडे पडले; जे वाचले त्यांतल्या कित्येकांत शाळा आल्या, कित्येकांत हॉटेले.

पण हॉटेल झाले म्हणजे वाडा तगलाच, असे नाही. शालिनी पॅलेसमधले हॉटेल पुढे बंद पडले. पलंग, झुंबरे, संगमरवर यांच्या जोरावर पाहुणा एकदा येतो. पुन्हा यावे असे त्याला वाटायला घरात घरपण लागते.

बेळगावहून आंबोली घाट उतरले की सावंतवाडी लागते. मोती तलावाकाठचा तिथला राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला, अठराव्या शतकातला. या दरबारात गंजिफा रुजली. दशावतारी गंजिफेत दर अवताराची बारा, अशी एकशेवीस गोल, हाताने रंगवलेली पाने. छापील पत्ते स्वस्त झाले तसे चितारी दुसऱ्या कामाला लागले आणि ही विद्या जवळजवळ संपली. १९७० च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याला गाठून ती पुन्हा शिकून घेतली, शिकवली आणि दरबाराच्या दालनातच कारागीर बसवले. राजाच्या बैठकीत रंगाच्या वाट्या आल्या.

अलीकडे, २०२० नंतरच्या काळात, या वाड्यातही पाहुण्यांसाठी मोजक्या खोल्या झाल्या. इथे उतरलेल्या माणसाला मऊ बिछाना मिळतो, तसा तो चांगल्या हॉटेलात कुठेही मिळतो. सकाळी उठून दालनात गेल्यावर मात्र बारीक कुंचल्याने मत्स्य-कूर्म रेखणारे हात दिसतात. पाहुणा आला नाही तरी ते काम थांबत नाही. वाडा जगतो तो या कामामुळे. खोल्यांचे भाडे त्याला हातभार लावते.

आपल्या सीमाभागातही वाडे काही कमी नाहीत. निपाणीत सरलष्कर सिद्धोजीराव निंबाळकरांचे संस्थान होते. १८३९ साली ते वारले आणि इंग्रजांनी ते खालसा केले. त्यांच्या राजवाड्याची बात सोडा. गावोगावच्या देसायांचे, पाटलांचे, देशपांड्यांचे वाडे पाहा. भाऊबंदकीत वाटणी, एक भाऊ पुण्याला, दुसरा बेंगळूरला, परसात गवत आणि वेशीवर बिल्डर. १९५६ पासून आपण आपल्या भाषेसाठी भांडतो आहोत, आणि ते योग्यच आहे. पण ज्या ओसरीवर ही भाषा मुरली, जिथे मराठी आणि कानडी दोन्ही दप्तरे एकाच कोनाड्यात राहिली, ती ओसरी पडताना आपण गप्प असतो.

सगळ्या वाड्यांची हॉटेले करता येणार नाहीत, करूही नयेत. मात्र एखाद्या सोप्यात गावची वाचनशाळा चालेल, एखाद्यात भजनाची बैठक, एखाद्यात पापड-मसाल्याचा महिलांचा उद्योग. या दिवाळीला गावी गेलात तर कुलूप काढा, एक रात्र तिथे पथारी टाका. बिल कुणी मागणार नाही. सकाळी मात्र विचार करावा लागेल, की उद्यापासून या घरात कोणते काम सुरू करायचे.