हूमेनची ओहोटी

आज स्वयंपाकी आलेला नाही. पाणक्या नाही, धोबी नाही, दिवे लावणारा पोऱ्याही नाही.

१८३९ सालच्या मार्च महिन्याची २४ तारीख आहे. चीनमधलं कॅंटन शहर, पर्ल नदीचा काठ. दिवेलागणीची वेळ झाली आहे आणि तुम्ही तेरा वखारींपैकी एकीच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी उभे आहात. सुरतेला, राजापूरला होत्या तशाच या वखारी: खाली माल, वर गोऱ्या व्यापाऱ्यांची बिऱ्हाडं. सुमारे आठशे चिनी नोकर आज आपापली गाठोडी उचलून निघून गेले. तसा हुकूमच होता. मागच्या गल्ल्या विटा रचून बुजवल्या जात आहेत, पुढच्या चौकात पहारा बसला आहे आणि नदीवर होड्यांच्या रांगा एकीमागे एक अशा लागल्या आहेत की मासळीसुद्धा विचारून जाईल. रात्र पडते तसे झांजांचे आणि शिंगांचे आवाज सुरू होतात. ते पहाटेपर्यंत थांबणार नाहीत.

आत साडेतीनशेच्या आसपास परदेशी अडकले आहेत. इंग्रज आहेत, अमेरिकन आहेत. आणि पांढऱ्या झग्यातले ते कोण? पारशी शेटजी. त्यांची गुजराती कानावर पडते आणि क्षणभर तुम्हाला आपण काळबादेवीच्या एखाद्या पेढीवर आहोत असं वाटतं. वाटणं चुकीचंही नाही. अफूचं हे सगळं जाळं जिथून विणलं गेलं, त्यातलं एक टोक आपल्या मुंबईतच आहे.

ते टोक पाहून या. कॅंटनची रात्र मोठी आहे, तेवढा वेळ मिळेल.

माळव्यात चला. उज्जैन, रतलाम, मंदसौर. शिंदे-होळकरांचा मुलूख. माघ-फाल्गुनात खसखशीची पांढरी-जांभळी फुलं गळतात, बोंडं राहतात. बाया-माणसं संध्याकाळी बोंडांना बारीक चिरा देतात आणि सकाळी वाळून काळपट झालेला चीक खरवडून घेतात. १८१८मध्ये मराठी सत्ता बुडाल्यावर कंपनी सरकारनं ही अफू आपल्या मुठीत घ्यायचा खटाटोप केला. जमलं नाही, कारण माल दमणच्या पोर्तुगीज बंदरातून निसटत राहिला. मग कंपनीनं सोपा मार्ग काढला. पैसे भरा, परवाना घ्या, माल मुंबईहून खुशाल पाठवा. म्हणजे ज्या व्यापाराला चीनमध्ये गुन्हा म्हणत, त्याची जकात मुंबईत राजरोस सरकारी तिजोरीत पडू लागली. तिकडे बंगालात तर पाटण्याची अफू कंपनी स्वतःच बनवी आणि कलकत्त्यात लिलावानं विकी. चीनच्या किनाऱ्यावर नेताना मात्र गलबत खासगी, व्यापारी खासगी, जोखीम खासगी. कंपनीचा हात कोरडा.

मुंबईच्या गोदीत पेट्या चढताना पाहा. एकेका पेटीत साठ-पासष्ट किलो अफू. त्यांवरच्या मालकांच्या नावांतलं एक नाव तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे: जमशेटजी जीजीभॉय. १८०५मध्ये फ्रेंचांनी पकडलेल्या एका जहाजावर त्यांची आणि विल्यम जार्डिन नावाच्या तरुण डॉक्टरची गाठ पडली. त्या ओळखीतून या धंद्यातली सगळ्यात मोठी भागीदारी उभी राहिली. पुढं जमशेटजींच्या देणगीतून मुंबईत इस्पितळ झालं, आणि आजही गावाकडून आलेला गरीब माणूस तिथल्या ओसरीवर विश्वासानं पथारी टाकतो. ते पुण्य खोटं नाही, हे मी मनापासून म्हणतो. पण या पेट्याही खोट्या नाहीत. एक मोजताना दुसरं झाकलं, तर हिशेब आपल्यालाच फसवतो.

आता गलबतात बसा. चीनच्या किनाऱ्याशी पोहोचलात की थेट कॅंटनला जायचं नाही. नदीच्या तोंडाशी लिंटिन नावाचं बेट आहे, तिथं शिडं उतरवलेली जुनी जहाजं कायमची नांगरून ठेवली आहेत. ती तरंगती गोदामं. गिऱ्हाईक कॅंटनच्या वखारीत चांदी मोजतं, चिठ्ठी घेतं. चिठ्ठी दाखवून लिंटिनला माल उचलतं. मग पन्नास-साठ वल्ह्यांच्या अरुंद होड्या पेट्या घेऊन खाड्यांतून पसार होतात. किनाऱ्यावरच्या अंमलदाराचा दर पेटीमागे हप्ता ठरलेला. आणि वखारीत जमलेल्या चांदीतून विलायतेसाठी चहा विकत घेतला जातो. लंडनच्या घराघरातली सकाळ माळव्याच्या आणि बिहारच्या चिकावर चालते. चीनमध्ये अफूवरची पहिली बंदी १७२९ सालची. तरी १८२०च्या सुमारास वर्षाला चार-पाच हजार पेट्या येत होत्या, त्या १८३८पर्यंत चाळीस हजारांच्या घरात गेल्या.

परत या कॅंटनला.

ज्यानं स्वयंपाकी काढून नेले तो माणूस शहरातच आहे. लिन झेशू, वय त्रेपन्न. बादशहानं त्याला खास अधिकार देऊन पाठवलं आणि १० मार्चला तो इथं पोहोचला. लाच न घेणारा अशी त्याची ख्याती, आणि या किनाऱ्यावर तीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. त्यानं नुसता परदेशी पकडला नाही. आधी घरचे पकडले. मेच्या मध्यापर्यंत सोळाशेहून अधिक चिनी लोक अटकेत गेले आणि अफू ओढायच्या नळ्या हजारोंनी जप्त झाल्या. परदेशी व्यापाऱ्यांची हमी घेणारे चिनी अडते त्यानं धारेवर धरले. काल सकाळी तुम्ही इथं असता, तर हौक्वाला पाहिलं असतं. सत्तरीचा म्हातारा, जगातल्या सगळ्यात श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक. गळ्यात साखळी घालून तो या वखारींत आला आणि विनवण्या करू लागला.

व्यापाऱ्यांनी आधी हजारभर पेट्या देऊ केल्या. लिननं त्यांना हातही लावला नाही.

पुढचे दिवस विचित्र जातात. लक्षाधीश शेठ स्वतः पाणी भरतात, केर काढतात. एकानं अंडी तळायला घेतली, तर ताटात चपलेच्या तळव्यासारखं काहीतरी आलं. हौक्वाची माणसं चोरून खाणं पोहोचवतात. उपासमार नाही, पण बाहेरही पडता येत नाही. २७ तारखेच्या पहाटे चार्ल्स इलियट, इंग्रज सरकारचा इथला अधिकारी, एक फर्मान काढतो: सगळी अफू माझ्या हवाली करा, इंग्लंडच्या राणीच्या सरकारच्या वतीनं मी ती चिन्यांना देतो. आकडा ठरतो २०,२८३ पेट्या.

व्यापाऱ्यांचे चेहरे नीट पाहा. त्यांवर दुःख नाही, सुटका आहे. कित्येक महिने विक्री ठप्प होती, आणि आता न खपलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळालं, तेही इंग्लंडचं सरकार. कालपर्यंत जी चोरटी अफू होती, ती एका सहीनं राजसत्तेची मालमत्ता झाली. अफूची ही टोळी मोडली ती या पहाटे, आणि तिच्यासाठी युद्ध करायचं कारणही याच पहाटे लिहून ठेवलं गेलं. लिनला ते दिसलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही दिसलं नसतं.

जूनच्या तीन तारखेला हूमेनला या. नदी इथं समुद्राला मिळते. काठावर बांबूचं कुंपण आणि आत प्रचंड हौद खणलेले: दीडशे फूट लांब, पाऊणशे फूट रुंद, सात फूट खोल. तळाला फरशी, बाजूंना लाकडी आधार. दोनेक दिवसांपूर्वी लिननं समुद्राच्या देवाला नैवेद्य दाखवून क्षमा मागितली आहे. आज पाण्यात विष सोडणार आहे, तुझ्या लेकरांना काही काळ दूर ने, अशा अर्थाची ती प्रार्थना होती. अफूच्या टोळ्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. जप्त माल नष्ट करताना कुणी माशांची माफी मागितल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता नाकाला पदर लावा. हौदात आधी पाणी, मग मीठ. फळ्यांवर उभे राहून कामगार अफूचे गोळे फोडतात, टाचेखाली चिरडतात आणि पाण्यात ढकलतात. उघड्या अंगानं माणसं आत उतरून खोऱ्यांनी ढवळतात. मग वरून चुना पडतो. पाणी खदखदतं, धूर उठतो, कडवट घाण घशात बसते. ओहोटी लागली की दार उघडतं आणि काळा चिखल समुद्राकडे वाहत जातो. हौद धुतले जातात. पुन्हा मीठ, पुन्हा गोळे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामगाराची झडती होते. अफू चोरताना सापडलेल्या एकाचा जागीच शिरच्छेद झाल्याचं सांगतात. कॅंटनच्या वखारींत अनेकांना वाटत होतं की माल अधिकारीच विकून खातील. १७ जूनला एक अमेरिकन पाद्री मुद्दाम पाहायला येतो आणि कामाची चोख पद्धत पाहून चकित होऊन परततो.

तेवीस दिवस हे चालतं. हजार टनांहून जास्त अफू. माळव्याच्या किती रात्री, किती चिरा या पाण्यातून जातात! त्याच वर्षी लिन इंग्लंडच्या राणीला उद्देशून पत्र लिहितो: तुमच्या देशात कुणी असं विष आणून विकलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? पत्र राणीपर्यंत पोहोचत नाही. मुंबईत मात्र बातमी पोहोचते, पेढ्या हादरतात आणि व्यापारी भरपाईसाठी विलायतेकडे अर्ज धाडतात. एप्रिल १८४०मध्ये लंडनच्या पार्लमेंटात चीनवरच्या युद्धाविरुद्धचा ठराव येतो. तो पडतो नऊ मतांनी. युद्ध होतं आणि चीन हरतो.

शेवटची उडी. २९ ऑगस्ट १८४२, नानकिंगजवळ यांगत्से नदी. तुम्ही ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या चौऱ्याहत्तर तोफांच्या इंग्रज युद्धनौकेवर आहात. लिन इथं नाही. त्याला बडतर्फ करून हद्दपार केलं आहे आणि या घडीला तो दूर पश्चिमेकडे, इलीच्या वाटेवर आहे. मेजावर तहाचे कागद आहेत. चीननं द्यायचे दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर. त्यातले साठ लाख हूमेनला बुडवलेल्या अफूची किंमत. अफू यापुढं आणू नये, असं वाक्य शोधा. सगळी कलमं वाचून काढा, ते सापडणार नाही.

सह्या होतात. तुम्ही खाली वाकून डेकच्या फळीवर हात ठेवा. हे सागवान आहे, मलबारचं. हे जहाज १८१३ साली आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखालच्या सुतारांनी. तोफांच्या सलामीला सुरुवात होते आणि फळी तुमच्या तळव्याखाली थरथरू लागते. एकवीस वेळा.