हृदयाची उघाडी

मंडळी, माणगावाहून खाली खाडीकाठाला गेलात, की खारबंदिस्तीला बसवलेली उघाडी दृष्टीस पडते. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. पण तिची फळी कुजली, की हंगामाचे भात गेलेच म्हणून समजा. आपल्या हृदयातही अशा चार झडपा असतात. त्या रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. या झडपांवर जंतूंनी घर केले तर माणसाचे काय होते आणि त्यावर इलाज कसा सापडला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१८८५ साली विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्याने लंडनमध्ये या रोगावर तीन व्याख्याने दिली. हा रोग बहुधा आधीच बिघडलेल्या झडपेवर बसतो आणि सोंग मात्र हिवतापाचे किंवा विषमज्वराचे घेतो, हे त्याने दाखवून दिले.

आता तुम्ही म्हणाल, झडप आधी बिघडते कशाने? कधी ती जन्मतःच सदोष असते. पण आपल्याकडे पुष्कळदा गोष्ट सुरू होते ती शाळकरी मुलाच्या घशापासून. घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या मनगट ठणकते. सांधे बरे होतात, झडप मात्र खरबरीत होऊन बसते. पुढे कधीतरी किडलेल्या दाताच्या मुळातून जंतू रक्तात शिरतो आणि त्या खरबरीत जागी चिकटतो. तिथे रक्ताची नि जंतूंची गाठ वाढते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. मूत्रपिंडात किंवा पांथरीत गेला तर तिथे इजा. झडपच फाटली, तर हृदय दमून जाते.

गुस्टाव माहलर हा युरोपातील थोर संगीतकार. त्याच्या झडपेत दोष असल्याचे १९०७ सालीच कळले होते. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला असताना त्याला घशाचे दुखणे नि ताप आला. डॉक्टरांनी रक्त काढून त्यातले जंतू वाढवून पाहिले. निदान अचूक झाले. पण औषधच नव्हते! १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात तो वारला. वय अवघे पन्नास. त्या काळी निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूची चिठ्ठीच असे.

१९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले, तरी ते रोग्यापर्यंत पोचायला बारा-तेरा वर्षे लागली. या रोगावर थोड्या मात्रेने भागेना. १९४४ साली ब्रुकलिनच्या डॉ. लिओ लोवे यांनी मोठ्या मात्रेने उपचार केलेल्या सात रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे आशा वाटू लागली. दहा वर्षांनी, १९५४ साली, आपल्या ताम्हिणी घाटापलीकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६० पासून निकामी झडप काढून कृत्रिम झडप बसवता येऊ लागली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली भारतीय झडप १९९० साली प्रथम रोग्याला बसली.

तरीही रोग हरला असे समजू नका, बरं का! आजही चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते, पुष्कळांना शस्त्रक्रिया लागते, आणि एवढे करूनही पाचांतला एखादा दगावतो.

म्हणून गुरुजींना विनंती आहे. घसा दुखल्यानंतर एखाद्या मुलाचे सांधे एकामागून एक सुजू लागले, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला डॉक्टरांकडे धाडा. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई ठरवून दिली असेल, तर पेरणी-लावणीच्या घाईतही ती चुकू देऊ नका. झडपेचे दुखणे असलेल्याने दात स्वच्छ ठेवावेत आणि दात काढण्यापूर्वी ते दुखणे डॉक्टरांना सांगावे. त्याला आठवडाभर ताप राहिला, तर आधी रक्ताची तपासणी, मग औषध. दुकानातून आणलेल्या चार गोळ्या पोटात गेल्या, की जंतू रक्तात असूनही तपासणीत सापडत नाही.

माहलरच्या वेळी निदान होते, औषध नव्हते. आज औषध आहे. वेळेवर निदान होऊ देणे आपल्या हाती आहे.