सराफ्यातील तीन लिप्या आणि वाचनात अडणारे मूल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचा जन्म छावणीतून झाला. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्यापासून काही अंतरावर तळ दिला आणि पुढे तंबूंच्या जागी वाडे, पेढ्या व पेठा उभ्या राहिल्या. तेथील सराफा बाजार म्हटला की सोनेचांदी आठवते. परंतु या बाजाराकडे लिप्यांच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. ज्या मुलास वाचन लवकर साधत नाही त्याला घरी कसे शिकवावे, हा प्रश्न आज अनेक घरांत पडतो. त्या प्रश्नावर या जुन्या लेखनव्यवहारातून काही प्रकाश पडू शकतो.

लष्करातील मराठी कुटुंबाचा संबंध एका लिपीशी नव्हे, तर तिहींशी येई. पोथी व स्तोत्रे बाळबोधीत असत. दरबारचे दप्तर आणि घरगुती पत्रव्यवहार मोडीत चाले. उत्तर हिंदुस्थानातील महाजनांच्या वह्या आणि हुंड्या मात्र मुडिया किंवा महाजनी नावाच्या लिपीत लिहिल्या जात. मोडीत हात न उचलता लिहावयाचे, शब्दांमध्ये अंतर ठेवावयाचे नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळावयाचा नाही, अशी रीत होती. मुडियात तर काना, मात्रा, वेलांटी यांना फाटाच दिलेला असे. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहून आलेले पत्र कोणी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि घरात रडारड झाली, ही लोककथा त्या लिपीवरच रचलेली आहे.

या कथेत विनोदापलीकडे एक मर्म आहे. मुडिया वाचणाऱ्यास मजकुराचा संदर्भ आधीच ठाऊक असावा लागे. मोडी वाचणाऱ्यास लिहिणाऱ्याच्या हाताचे वळण ओळखावे लागे. बाळबोध वाचणाऱ्यास प्रत्येक चिन्हाचा उच्चार नेमका करावा लागे. म्हणजे ‘वाचता येणे’ ही एकच विद्या नव्हती. एका लिपीत अडखळणारा माणूस दुसऱ्या लिपीच्या आधाराने व्यवहार सांभाळू शकत असे. छापील पुस्तक आणि परीक्षा यांचे राज्य सुरू झाल्यावर वाचनाचे एकच माप सर्वांस लागू झाले.

जुन्या घरगुती शिक्षणाची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. पंतोजी मुलास धुळपाटीवर बसवी. मूल धुळीत बोटाने अक्षर काढी आणि त्याच वेळी त्याचा उच्चार मोठ्याने करी. पुढे कित्ता गिरवणे येई. पावकी, निमकी, पाऊणकी यांचे पाढे तोंडपाठ होत. अक्षर डोळ्यांइतकेच बोटाने, कानाने आणि जिभेनेही शिकले जाई. या पद्धतीचा दोष तिच्या छडीत होता. ज्याला अक्षर लागत नसे त्याला मठ्ठ म्हणून मार बसे, आणि तेवढ्याने न भागल्यास त्याचे शिक्षण संपे. अशा मुलांची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

ज्यांची नोंद झाली ते उशिरा शिकणारे होत. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी विवाह झाला तेव्हा रमाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. पतीने त्यांस घरीच अक्षरओळख करून दिली, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सोसून त्या शिकल्या. १८७५ साली कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेले सयाजीराव तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांचेही रीतसर शिक्षण बडोद्यास आल्यावर, एलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली झाले. याच राजाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ही उदाहरणे उशिराविषयीचे भय घालवितात. तथापि संधी न मिळालेले मूल आणि संधी मिळूनही अडणारे मूल, यांत गल्लत करू नये.

दुसऱ्या प्रकारच्या मुलाचे एक प्रसिद्ध वर्णन १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने प्रसिद्ध केले. तो मुलगा चौदा वर्षांचा, खेळात चपळ आणि बुद्धीने तल्लख होता. सातव्या वर्षापासून शाळेत व शिक्षकांच्या हाताखाली शिकूनही त्यास साधे शब्द वाचता येत नव्हते. मात्र ७४९ ला ८६७ ने गुणण्याचे गणित त्याने चटकन आणि अचूक सोडवले. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. तोंडी हिशेबावर चालणाऱ्या पेढीवर असा मुलगा मठ्ठ ठरला नसता.

पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन व अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कार्यातून जी अध्यापनपद्धती घडली, तिचे सूत्र दृष्टी, ध्वनी आणि हाताची हालचाल यांना एकत्र आणणे हेच होते. धुळपाटीशी तिचे साम्य उघड आहे. भेद असा की, तिच्यात क्रम काटेकोर असतो आणि शिक्षेला स्थान नसते. भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली. त्यामुळे अशा मुलाची रीतसर तपासणी करून घेणे आणि शाळेकडून सवलती मागणे, हा आता हक्काचा विषय झाला आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मुलापुढे आज वेगळे त्रिकूट उभे असते: घरची मराठी, शहराची हिंदी आणि शाळेची इंग्रजी. देवनागरीतही अडचणी आहेतच. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते नंतर. जोडाक्षरांत अक्षराचे मूळ रूपच बदलते. म्हणून घरी शिकविताना एका वेळी एकच लिपी धरावी. अक्षर रव्यात किंवा वाळूत गिरवून, उच्चारून घ्यावे. वाचन अडले तरी ज्ञान अडू नये यासाठी गोष्ट, इतिहास आणि हिशेब तोंडी चालू ठेवावेत. धुळपाटी इतिहासातून परत आणण्यासारखी आहे. छडी मात्र तेथेच राहू द्यावी.