धोतर कर्करोग
कमरेभोवती धोतर किंवा लुगडे वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने तेथील त्वचेस होणारा कर्करोग. सततच्या घर्षणाने प्रथम त्वचेचा रंग जातो किंवा ती काळवंडते, पुढे ती जाड व खवलेदार होते. क्वचित तेथे न भरणारा व्रण होऊन त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या कोशिकांचा कर्करोग उद्‌भवतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) व सूर्याबाई यांनी १९४५ साली रूढींशी निगडित अशा कर्करोगांच्या वर्णनात त्याचा समावेश केला. काश्मीरमधील कांगडी कर्करोगाचे वर्णन त्यापूर्वीच झाले होते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांत धोतर व नऊवारी लुगडे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा वेश होता. या भागात आधुनिक शस्त्रक्रियेचा प्रसार मुख्यतः विल्यम वॉनलेस यांनी मिरज येथे १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयातून झाला. त्या काळी उपचारांचा आधार म्हणजे शस्त्रवैद्याचा अनुभव व रुग्णांच्या नोंदी एवढाच होता.

आर्चिबाल्ड कॉक्रन यांनी १९७२ मध्ये उपचारांची परिणामकारकता तुलनात्मक चाचण्यांनी पारखण्याचा आग्रह धरला. त्यांच्या नावाची संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली आणि उपलब्ध सर्व चाचण्या पूर्वनियोजित पद्धतीने एकत्र पारखणाऱ्या पद्धतशीर समीक्षांना महत्त्व आले. वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आता बव्हंशी त्यांवर आधारतात. मात्र समीक्षाही सदोष असू शकते. ‘अ‍ॅमस्टार’ ही तिच्या परीक्षणाची कसोटी २००७ मध्ये तयार झाली. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत १६ प्रश्न आहेत. आराखडा आधी ठरविला होता काय, वगळलेल्या अभ्यासांची कारणे दिली आहेत काय, पूर्वग्रहाचा धोका तपासला आहे काय, हे त्यांपैकी प्रमुख होत. अनेक समीक्षा या कसोटीस पूर्णपणे उतरत नाहीत.

त्वचा कर्करोगाबाबत आणखी एक मर्यादा आहे. त्यावरील बहुतेक चाचण्या यूरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातील गौरवर्णीयांवर झाल्या असून तेथे सूर्यप्रकाश हे प्रमुख कारण असते. धोतर कर्करोगाची माहिती मुख्यत्वे तुरळक रुग्णवृत्तांतून मिळते. त्यामुळे समीक्षा निर्दोष असली, तरी तिचे निष्कर्ष या रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करतात. रोगग्रस्त भाग सभोवतालच्या निरोगी त्वचेसह काढून टाकतात व जांघेतील लसीका ग्रंथी तपासतात. गाठ सैल बांधणे, तिची जागा बदलणे व रंग गेलेल्या त्वचेकडे वेळीच लक्ष देणे, हे प्रतिबंधाचे साधे उपाय होत.