न ऐकू येणारे व्हायोलिन

ज्या माध्यमाला आवाज नाही, त्यात वादकाची कथा सांगायची कशी? फ्रँक बोर्झेगी दिग्दर्शित 'ह्यूमरेस्क' (१९२०) हा अमेरिकन मूकपट पाहताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

फॅनी हर्स्ट यांच्या १९१९च्या कथेवर तो आधारलेला आहे. पटकथा फ्रान्सिस मॅरियन यांची. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील दाटीवाटीच्या वस्तीत रशियातून आलेले कँटर हे ज्यू कुटुंब राहते. धाकट्या लिऑनला व्हायोलिन हवे आहे. व्यवहारी बापाला ती उधळपट्टी वाटते; आईने मात्र आपल्या पोटी वादक जन्मावा म्हणून देवाला साकडे घातलेले असते. मुलगा कीर्तिमान होतो, महायुद्धावर जातो आणि जायबंदी हात घेऊन परततो.

पडद्यावर धनुकली फिरताना दिसते, सूर मात्र येत नाही. चित्रपटगृहातील पियानो किंवा वाद्यवृंद साथ करी, पण ते सूर लिऑनचे नसत. म्हणून त्याचे वादन आपल्याला कळते ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून, विशेषतः आईच्या. ही भूमिका करणाऱ्या व्हेरा गॉर्डन स्वतः रशियात जन्मलेल्या, यिद्दिश रंगभूमीवर घडलेल्या अभिनेत्री होत्या. माध्यमाच्या उणिवेनेच श्रोत्याला नायकपद दिले.

त्या काळी ही कल्पित कथा दूरची नव्हती. विल्नियसचा याशा हायफेट्झ १९१७ साली कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेला होता. 'फोटोप्ले' मासिकाच्या वाचकांनी आपले पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला दिले. पण पडद्यावरच्या आईसाठी हळहळणाऱ्या त्याच देशाने १९२१ आणि १९२४च्या कायद्यांनी राष्ट्रवार मर्यादा घालून तशा कुटुंबांची वाट जवळजवळ बंद केली.

येथे चित्रपटाची एक बाजू अस्वस्थ करते. कँटरांच्या घरात मॅनी नावाचा मतिमंद मुलगाही आहे. लिऑनच्या बोटांतील कला हा जणू परक्या भूमीत मान मिळवण्याचा परवाना. मग ज्याच्यापाशी अशी कला नाही, त्या मॅनीने काय दाखवावे? मूळ कथा लिऑन युद्धावर निघतो तेथेच थांबते. चित्रपट त्याचा हात बरा करून सुखान्त जोडतो. कलेवाचूनच्या लिऑनलाही या घराबाहेर जागा उरली असती का, हे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

१९४६ साली याच कथेवर बोलपट निघाला. त्यात आयझॅक स्टर्न यांचे व्हायोलिन स्पष्ट ऐकू येते. पण कँटरांचे 'बोरे' झाले, ज्यूपण पुसट झाले आणि केंद्रस्थानी जोन क्रॉफर्डने साकारलेली धनाढ्य आश्रयदात्री आली. सूर मिळाले आणि ते ज्या घरातून आले होते, ते घर मागे पडले. पहिल्या चित्रपटात सूर नव्हते. तरी ते कोणासाठी वाजत होते, हे त्याच्या प्रेक्षकाला नेमके ठाऊक होते.