नार्डूची भाकर

ऑस्ट्रेलिया खंड ओलांडून कार्पेंटारिया आखातापर्यंत गेलेले बर्क, विल्स व किंग २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी कूपर नदीकाठच्या तळावर परतले. त्यांची वाट पाहणारी तुकडी त्याच सकाळी निघून गेली होती! पुरून ठेवलेला शिधा लवकरच संपला. तेथील यांद्रुवांधा लोक नार्डू नामक नेच्याचे कठीण बीजुककोश दळून खात. प्रवाशांनीही तेच पीठ खाण्यास आरंभ केला. विल्सच्या रोजनिशीत भूक व रुची उत्तम असल्याची नोंद आहे. शक्ती मात्र क्षीण होत गेली. या नेच्यात ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे थायमिनेज नावाचे विकर असते. यांद्रुवांधा स्त्रिया दळताना भरपूर पाणी वापरीत. त्यामुळे विकराचा प्रभाव मंदावत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. शिवाय या लोकांना मासळीची जोड होती. प्रवाशांनी पीठ उचलले, कृती नव्हे. आणि ती जाणणाऱ्यांना बर्कने बंदूक झाडून दूर लोटले होते. जूनअखेरीच्या सुमारास तो व विल्स मृत्यू पावले. हिंदुस्थानातून उंटांसमवेत आलेला शिपाई किंग यांद्रुवांधांच्या आश्रयास गेला. सप्टेंबरात शोधपथकाला तो जिवंत सापडला.