घरच्या घरी मराठी वाचन: लहान मुलांसाठी अभ्यासक्रम कसा निवडावा?



एप्रिल असो की सप्टेंबर, शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: "मुलगी पाच वर्षांची आहे, मराठी छान बोलते, पण वाचायला कसे शिकवू? कोणते पुस्तक आणू?" इथल्या शाळांत मुले इंग्रजी वाचायला फोनिक्सने शिकतात, अरबी शिकावीच लागते, सीबीएसई शाळेत बहुधा हिंदीही असते. मराठी उरते ती घरावर. म्हणून घरी शिकवण्यासाठी साहित्य कसे निवडावे, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

घाई कशासाठी?

आजीचा मेसेज नातवंडाला स्वतः वाचता यावा, एवढे कारणही खरे तर पुरेसे आहे. पण आखातातील कुटुंबांसाठी आणखी एक कारण आहे. आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी परत जाणार. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा केला. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात होऊन तो टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांना लागू होत गेला. तिसरी-चौथीत पुण्या-नाशिकला परतलेल्या मुलाला बाराखडीपासून सुरुवात करावी लागली, तर त्याची फार ओढाताण होते. तेच काम पाच-सहा वर्षांच्या वयात खेळता खेळता होते.

फोनिक्सची मदत आणि अडचण

अक्षराला आवाज असतो आणि आवाज जोडून शब्द होतो, हे मूल फोनिक्समध्ये शिकलेलेच असते. ही मोठी मदत आहे. मराठीत तर काम आणखी सोपे. इंग्रजीत 'बी' हे अक्षराचे नाव आणि 'ब्' हा आवाज असा फरक असतो, आपल्याकडे नाव आणि आवाज जवळजवळ एकच. मात्र चार ठिकाणी मूल अडखळते, तिथे लक्ष द्यावे:

१. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून एकेक चिन्ह वाचायची सवय असलेले मूल 'कि' चे 'इक' करते. म्हणून काना आणि दुसरी वेलांटी आधी शिकवावी, पहिली वेलांटी बरीच नंतर.

२. 'घर' लिहिताना र पूर्ण असतो, बोलताना मात्र शेवटचा अ गळतो. मूल 'घ-र' असे सुटे वाचते, तेव्हा तोच शब्द बोलून दाखवावा. नियम सांगत बसू नये.

३. च, ज, झ यांचे आवाज दोन-दोन आहेत: 'चार' मधला च वेगळा, 'चाक' मधला वेगळा. मूल घरात हे शब्द ऐकत असेल तर ते आपोआप बरोबर वाचते.

४. ळ आणि ण हे आवाज इंग्रजीच्या शाळेत कानावर पडत नाहीत. बाळ, केळं, पाणी, लोणी असे रोजचे शब्द मुद्दाम बोलण्यात आणावेत.

अरबीचाही उपयोग होतो. अरबी अक्षर जागेप्रमाणे रूप बदलते हे मुलाला माहीत असते, त्यामुळे जोडाक्षरांचे त्याला नवल वाटत नाही. फक्त अरबी उजवीकडून लिहितात, तेव्हा सुरुवातीला वहीत डाव्या बाजूला एक ठिपका काढून द्यावा.

कोणते साहित्य मिळते?

अंकलिपी: भारतातून येताना सहज आणता येते, स्वस्तही असते. पण ती वर्णमालेच्या क्रमाने जाते. शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार मराठी वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. ते सगळे पाठ होईपर्यंत मुलाला एकही शब्द वाचायला मिळाला नाही, तर त्याचा उत्साह संपतो. शिवाय औत, ऐरण, उखळ ही चित्रे दुबईतल्या मुलाने पाहिलेली नसतात. उजळणीसाठी अंकलिपी उत्तम, सुरुवातीसाठी नाही.

बालभारती: १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळाची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मराठी माध्यमाचे पुस्तक आजूबाजूला सगळीकडे मराठी असलेल्या मुलासाठी लिहिलेले आहे, हे लक्षात ठेवावे. इतर माध्यमांच्या मुलांसाठी 'सुलभभारती' ही मालिका आहे. लवकर परत जायचे असेल तर पुढील इयत्तांसाठी तीही पाहावी.

अक्षरगटांची पद्धत: फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट घेऊन वाचन शिकवण्याची पद्धत रुजवली. थोडी अक्षरे, एखादी मात्रा आणि लगेच शब्द, असा हा क्रम. फोनिक्स शिकणाऱ्या मुलाला तो सर्वांत ओळखीचा वाटतो.

गोष्टींची पुस्तके: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी चित्रगोष्टी पातळीनुसार मोफत उपलब्ध आहेत. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' लहानांना मोठ्याने वाचून दाखवायला सुंदर आहे.

निवडताना विचारायचे प्रश्न

१. पहिल्या दोन आठवड्यांत मूल एखादा खरा शब्द वाचेल का?
२. मात्रा अक्षरांबरोबरच येतात, की सगळ्या अक्षरांनंतर?
३. पुस्तकातले शब्द मुलाच्या बोलण्यात आहेत का?
४. शिकलेल्या अक्षरांतच वाचता येईल असा पुरेसा मजकूर आहे का?
५. रोज पंधरा मिनिटांत एक पाठ बसतो का? आठवड्याला दोन तास एकदम, असे लहान मुलांना झेपत नाही.

या पाचांपैकी चारांचे उत्तर होकारार्थी असेल तर ते साहित्य खुशाल घ्यावे. एकदा निवडले की निदान सहा महिने बदलू नये. दर महिन्याला नवे पुस्तक आणल्याने मुलाचा गोंधळ होतो.

सुरुवात कशी करावी?

समजा क, म, ल, ब, न ही पाच अक्षरे आणि काना घेतला. लगेच काका, मामा, बाबा, नाक, कान, लाल, मका हे शब्द तयार! दुसरी वेलांटी आली की काकी, मामी, कमी. आणि मग पहिले वाक्य: "काकीला मका, मामाला नान." मूल हसते आणि पुन्हा वाचते. पुढच्या गटात आ, ई, र, घ, स घेतले की 'आई' आणि 'घर' आले. अक्षरे जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहावीत, म्हणजे फ्रीजवर, जेवणाच्या टेबलावर कुठेही शब्द जुळवता येतात. लेखन वाचनाच्या थोडे मागे राहिले तरी चालेल. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर द्यायला शिकवावी.

जानेवारी २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवारी आली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी भारतातले आजी-आजोबाही अनेकदा मोकळे असतात. आठवड्यातून एकदा मुलाने त्यांना व्हिडिओ कॉलवर चार ओळी वाचून दाखवाव्यात. याहून चांगली परीक्षा नाही आणि याहून मोठे बक्षीसही नाही.

दोन-तीन कुटुंबांनी मिळून एकच साहित्य निवडले तर प्रिंटआऊट वाटून घेता येतात, पुस्तके भारतातून एकत्र मागवता येतात आणि मुलांना सोबतीही मिळतात. आपल्या इमारतीत कोणी मराठी शेजारी असतील तर त्यांना जरूर विचारा.

सर्व बालवाचकांना आणि त्यांच्या आईबाबांना मनःपूर्वक शुभेच्छा!